खातेदाराचं नाव

"पुढे वाचा," मानकामे साहेब म्हणाले.

हौसाबाई ढोकरे पुढे वाचेनात. त्यांच्या हातात त्यांच्याच जमिनीचा सातबारा होता, बोट बरोबर ओळीवर होतं आणि तोंड बंद होतं.

"गाव धामणवाडी, तालुका जुन्नर, गट नंबर दोनशे सोळा. इथपर्यंत छान वाचलंत. आता खातेदाराचं नाव वाचा."

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर दोन बोटं पुढे ओढला आणि खाली बघत राहिल्या. साहेबांनी कागद त्यांच्या हातातून घेतला, हातातल्या फॉर्मवर एक फुली मारली आणि पुढच्या बाईला तिचा कागद दिला. तिनेही गाव वाचलं, तालुका वाचला, गट नंबर वाचला आणि ती थांबली. तिसरीही तिथेच थांबली. मग चौथी, मग पाचवी.

ही एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. धामणवाडीच्या दूध डेअरीत सकाळचं संकलन आटपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू होईपर्यंत खोली रिकामी असायची, म्हणून आमचा प्रौढ साक्षरता वर्ग दुपारी तिथेच भरायचा. एकोणीस बायका गोणपाटांवर, फळा दोन दुधाच्या कॅनवर टेकवलेला आणि सगळ्या खोलीला आंबूस वास. मी वर्गाची शिक्षिका. वय चोवीस, पुण्याची, एम. ए. झालेली, बिनलग्नाची आणि आपल्याला खेड्यातल्या बायकांचं सगळं कळतं अशी ठाम समजूत असलेली.

त्या दिवशी खोलीत तीन खुर्च्या जास्तीच्या होत्या. त्यांवर शासनाची समिती बसली होती. मानकामे साहेब तिचे प्रमुख. दोघे सदस्य होते, पण ते चहाखेरीज कशाला तोंड उघडत नव्हते. आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते आठल्ये सर.

डॉ. रघुवीर आठल्ये हे नाव आज प्रौढशिक्षणाच्या अभ्यासक्रमात असतं, त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. तेव्हा मात्र ते साठीला आलेले, निम्म्या विद्यापीठाने वेड्यात काढलेले गृहस्थ होते. मोठ्या माणसाच्या हातात 'कमळ बघ, छगन सरळ चाल' असलं पुस्तक देणं हा त्याचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. ज्याला शिकायचं आहे त्याने घरातला स्वतःचा कागद आणावा. सातबारा आणावा, रेशनकार्ड आणावं, कोर्टाचं समन्स आलं असेल तर ते आणावं. माणूस ज्या कागदाला भितो त्याच कागदावर त्याला वाचायला शिकवावं. सात वर्षं ते हे सांगत होते. आता शेवटी समिती आली होती. तिने होकार दिला तर राज्यात शंभर वर्ग ह्या पद्धतीने निघणार होते. नाही म्हटलं तर एकतीस मार्चला आमचा वर्ग बंद, सरांची पद्धत बंद आणि पुन्हा कमळ बघ.

वर्गासाठी सरांचे दोनच नियम होते, आणि पहिल्याच दिवशी ते त्यांनी मला तोंडपाठ करायला लावले होते. एक, प्रौढाला कधी आग्रह करायचा नाही. तो थांबला तर आपण थांबायचं. दोन, प्रौढाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय खोलीतून पाय बाहेर टाकायचा नाही, मग प्रश्न कसलाही असो.

सहावी बाई थांबल्यावर मानकामे साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"डॉक्टर आठल्ये, मी बोलू का स्पष्ट?"

"बोला."

"ह्या सगळ्या कागदांवर गाव एकच, तालुका एकच. छापील मजकूरही एकच. ते ह्यांचं पाठ झालंय. आकडे बायकांना बाजारामुळे येतातच. प्रत्येकीचा वेगळा असा पहिला शब्द म्हणजे खातेदाराचं नाव. आणि नेमक्या तिथे सगळ्या अडतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचता येत नाहीये ह्यांना. पाठांतर आहे हे."

माणूस हुशार होता. त्याच्या बोलण्यात मला एक फट सापडेना. आणि तरी मला माहीत होतं की ह्या बायकांना वाचता येतं. मी स्वतः रोज ऐकत होते.

सर भिंतीपासून पुढे आले. आवाज शांत होता, पण मानेवरची शीर दिसत होती.

"हौसाबाई, अहो, मागच्या गुरुवारी माझ्यासमोर हाच कागद वाचला गेला. अख्खा. नावासकट. आज काय झालं?"

"तो म्या न्हाई वाचला, सर," हौसाबाई म्हणाल्या. "ठकूनं वाचला."

मागे बसलेल्या ठकूबाईंना आता राहवेना. त्या वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाई. "सर, त्यांच्या मालकाचं नाव हाय ते! त्या कशा घेतील तोंडानं? द्या हिकडं." त्यांनी उठून सरळ साहेबांच्या मांडीवरचा कागद उचलला. "किसन बाबूराव ढोकरे. क्षेत्र एक हेक्टर दहा आर. पीक बाजरी. झालं?"

"आता तुमचा स्वतःचा वाचा," साहेब म्हणाले.

"माझा हौसाबाई वाचतील की!"

सगळा वर्ग खळखळून हसला. मी सोडून.

कारण माझ्या डोळ्यांसमोर गेले पाच महिने उभे राहिले होते. वर्ग सुरू झाला की बायका आपापले कागद शेजारणीला देत आणि तिचा आपण घेत. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून सुरू केलं होतं. मला फार कौतुक वाटलं. मी साप्ताहिक अहवालात लिहिलं. सरांना त्याहून कौतुक वाटलं. त्यांनी त्यावर चार पानं लिहिली, ह्या प्रकाराला 'कागदांची अदलाबदल' असं नाव दिलं आणि डिसेंबरात दिल्लीच्या परिषदेत ते वाचून आले. लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायला लागू नये एवढ्यासाठी ह्या बायका कागद बदलत होत्या, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मानकामे साहेबांनी फाईल उघडली. पान शोधून त्यांनी मोठ्याने वाचलं, "महिला स्वयंस्फूर्तीने कागदांची अदलाबदल करतात. स्वतःच्या मालकीच्या पलीकडे जाऊन दुसरीचे जग समजून घेण्याची ही प्रौढ मनाची सहज प्रेरणा होय." फाईल मिटली. "डॉक्टर, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. सर मात्र माझ्याकडे वळूनसुद्धा बघेनात. अहवाल माझा होता हे त्यांनी सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं.

"ठीक आहे," साहेब जरा नरमले. "मी काही राक्षस नाही. चालीरीती मलाही कळतात. पण माझ्या फॉर्मवर 'मोठ्याने वाचन' असा रकाना आहे, आणि स्वतःचा कागद वाचायचा ही अट तुमच्याच पद्धतीतली आहे. बाई, शासकीय काम आहे, एकदा घ्या नाव. उखाण्यात तर घेताच की."

"उखाण्यात घेते," हौसाबाई म्हणाल्या. "ते लग्नकार्यात. चार आयाबाया म्हणतात, घे गं, घे गं, तवा लाजत घ्यायचं. असं पंच बसवून, कागदावर बोट ठेवून न्हाई. चोराची वळख पटवल्यावानी."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, कशाला ते मला आजही कळलेलं नाही. मग ते हौसाबाईंसमोर उकिडवे बसले.

"हौसाबाई, एकदाच घ्या. ह्या वर्गासाठी. माझ्यासाठी म्हणा हवं तर."

मला ते मुळीच आवडलं नाही. ज्या माणसाने मला तो पहिला नियम पाठ करायला लावला होता तोच एका बाईपुढे बसून आग्रह करत होता. सात वर्षांचं काम हातातून निसटत होतं, हे मला दिसत होतं. तरी राग आला.

हौसाबाईंनी सरांकडे नीट पाहिलं. त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. हातावर गोंदण, बोलणं कमी. वर्गात त्या कधी प्रश्न विचारत नसत.

"सर, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्या घरच्या बाईंचं नाव काय?"

सर उभे राहिले. "माझ्या? त्याचा इथे काय संबंध?"

म्हणाले आणि तिथेच थांबले. दुसरा नियम त्यांना आठवला असावा. मला तर आठवलाच.

"बरोबर आहे. उत्तर दिलं पाहिजे," ते म्हणाले. "माझ्या पत्नीचं नाव..."

आणि पुढे काही येईना.

आधी मला वाटलं, ते शब्द जुळवताहेत. मग कळलं की तसं नाही. ओठ हलत होते, घसा एकदा खाकरून झाला, कान लाल झाले, आणि नाव बाहेर पडत नव्हतं. दोन हजार माणसांसमोर दोन तास बोलणाऱ्या माणसाची दातखीळ बसली होती.

मी नाव सांगून त्यांना सोडवायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मलाही ते माहीत नाही. तीन वर्षं मी त्यांच्या घरी जात होते, निम्मी जेवणं तिथेच. मी काकू म्हणायची. मुलं आई म्हणायची. पत्रं सौ. आठल्ये ह्या नावाने यायची. आणि सर? सर 'अगं' म्हणायचे, 'ऐकलंस का' म्हणायचे, बहुतेक वेळा नुसतंच हवेत 'चहा' म्हणायचे. नावाने हाक मारल्याचं मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हेच होतं आणि आम्हाला कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं.

"सांगा डॉक्टर," मानकामे साहेब म्हणाले. त्यांना मजा वाटायला लागली होती. "शासकीय काम आहे."

बायका हसत नव्हत्या. एकोणीसजणी सरांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात चेष्टा नव्हती. आपल्यातलंच कुणी अडलं की बघतात तसं ते होतं.

सर फळ्याकडे गेले. खडू उचलला आणि पाठमोरं उभं राहून मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला. मग बाजूला सरकून खडू हौसाबाईंपुढे धरला.

हौसाबाईंनी खडू घेतला नाही. त्या फळ्याकडे बघत होत्या. त्यांचं बोट हवेतच एकेक अक्षरावरून सरकलं.

"कु... मु... दि... नी," त्या म्हणाल्या. मग सरळ, "कुमुदिनी."

"कुमुदिनी!" ठकूबाई मागून ओरडल्या. "ग्वाड नाव हाय की, सर!"

आणि मग सगळ्याच वाचायला लागल्या. कुणी अक्षर जुळवून, कुणी एकदम, कुणी शेजारणीला विचारून. त्या आंबूस वासाच्या खोलीत काकूंचं नाव वीस वेळा तरी घेतलं गेलं असेल. सर मान खाली घालून उभे होते.

मानकामे साहेबांचं पेन हातात तसंच राहिलं होतं. हे नाव त्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. ते पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस हुशार होता म्हणालेच मी. त्यांना हे माझ्याआधी कळलं होतं.

गलका जरा थांबला तेव्हा हौसाबाई उठल्या, सरांच्या हातातून खडू घेतला आणि 'कुमुदिनी'च्या खाली सावकाश लिहिलं, किसन बाबूराव ढोकरे. अक्षर वाकडंतिकडं, पण पुरतं.

"तोंडानं न्हाई घेत, साहेब," त्या म्हणाल्या. "लिवायला काय हरकत न्हाई."

साहेबांनी फॉर्मवरच्या सहा फुल्या एकेक करून खोडल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. मग उरलेल्या बायकांना एकेक करून फळ्यापाशी बोलावलं. अडीच तास लागले. संध्याकाळच्या दुधाच्या बरण्या घेऊन लोक दारात येऊन थांबले तरी ते उठले नाहीत.

परतताना जीपने जुन्नर मागे टाकलं.

"खरवडे," सर म्हणाले. ते मला आडनावाने हाक मारत. "अदलाबदलीची ती चार पानं काढून टाकायची."

"दिल्लीला वाचलेली?"

"हो. आणि दिल्लीला कळवायचं की ती चूक होती. का चूक होती तेही लिहायचं."

"सगळं?"

"सगळं. मी त्या बाईला आग्रह केला, तेसुद्धा."

"सर, अहवाल माझा होता."

"तू पाहिलंस ते लिहिलंस. अर्थ मी लावला." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी सात वर्षं सांगतोय की माणूस अडतो तिथे त्याला काहीतरी माहीत असतं. आणि आज सहाजणी एका जागी अडल्या, तर मला वाटलं, माझं नशीब फुटलं."

त्यांनी खरंच सगळं लिहिलं. 'सहा बायका एका ओळीवर का थांबल्या' हा तो लेख. पुढे तीन भाषांत गेला आणि आज तो दहा मार्कांना असतो. वर्ग शंभर नाही, चाळीस मंजूर झाले, आणि शासनाच्या फॉर्मवर 'मोठ्याने वाचन' ह्याच्या जागी 'वाचून किंवा लिहून दाखवणे' आलं. लेखात हौसाबाईंचं नाव आहे, त्यांना विचारून घातलेलं. फळ्यावर सरांनी काय लिहिलं तेवढं मात्र लेखात नाही. तिथे नुसतं 'एक अपरिचित शब्द' असं आहे.

आम्ही पुण्यात पोचलो तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. मला तसंच घरी जायचं होतं, पण सर म्हणाले, चहा घेऊन जा. बाहेरच्या खोलीत त्यांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. मी 'चहा' ह्या शब्दाची वाट बघत होते.

"कुमुदिनी," सर म्हणाले.

आत भांडं पडलं. काकू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग? बरं वाटत नाहीये का? बसा आधी. विजया, ह्यांना काय झालंय?"

"अगं, काही झालेलं नाही," सर म्हणाले. "हाक मारली नुसती."

"अशी मारतात?" काकू म्हणाल्या. "काळजाचा ठोका चुकला माझा." आणि आत निघून गेल्या.

सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी आत गेले. काकू सांडलेलं पीठ गोळा करत होत्या. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चहाचं आधण ठेवलं. चहा गाळून झाल्यावर म्हणाल्या, "माहेरी मी मनू. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं हे नवं नाव लिहिलं. संध्याकाळी सासूबाईंनी ते तांदूळ डब्यात ओतले आणि मी सूनबाई झाले. मग वहिनी, मग आई, मग काकू. ते नाव कुणी वापरलंच नाही बघ." त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली. "फळा पुसलात ना निघताना?"

"नाही काकू. बायकांनी पुसू दिला नाही."

"वेडेच आहात सगळे," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे वळून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी चहा घेऊन बाहेर आले.

सर शहाण्णव साली गेले. वर्तमानपत्रांत मोठे मोठे लेख आले, सभा झाल्या, त्यांतल्या दोन सभांत मी बोलले. पंधरवड्याने काकूंकडे गेले तेव्हा घर शांत झालं होतं. काकूंनी चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी शेवटी विचारला.

"काकू, त्या दिवसानंतर सरांनी कधी नावानं हाक मारली?"

"छे! मी इतकी घाबरले होते ना, पुन्हा धीरच झाला नाही त्यांना." त्यांनी कप खाली ठेवला. "एकदा मारली. दवाखान्यात, शेवटच्या मंगळवारी. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. आणि एकदम स्पष्ट म्हणाले, कुमुदिनी."

"मग?"

"मग काय?" काकू म्हणाल्या. "ह्या वेळी नाही घाबरले. ओ दिली."